चुगलखोर मीटर

वीज कार्यालयाच्या रांगेत माझ्या पुढे नणंद-भावजय उभ्या होत्या.

"वहिनी, आईने हो म्हटलंच कसं? त्या नव्या मीटरला ती चुगलखोर म्हणते."

"अजूनही तेच म्हणतात. तुझ्या दादाने समजावलं, आई, तू तिकडे एकटी. सकाळी गिझर लागला की मला फोनवर दिसेल, तू उठलीस म्हणून."

"मग?"

"म्हणाल्या, बसव. पण तसलाच चुगलखोर तुझ्याही घरी बसव आणि तो माझ्या फोनला जोड."

"ती काय बघणार त्यात?"

"तुझ्या दादाने तेच विचारलं. म्हणाल्या, तुझी इस्त्री तापली की मला कळेल, पोरगं कामावर निघालं. मला नको का कळायला?"

"बाई गं. दादा काय बोलला?"

"चष्मा पुसत म्हणाला, दोन मीटरचा अर्ज भर."

"डोकं आहे हं आईला. मला मात्र असली पाळत नको. मी एकटी राहते, माझं मी बघते."

"तुला कोण बसव म्हणतंय, चिमे? आईंनी फक्त विचारलं, हल्ली चिमीकडे दिवे कधी लागतात गं?"

"मग तू काय सांगितलंस?"

"मला तरी कुठे माहीत?"

रांग पुढे सरकली. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "किती मीटर?"

"दोन," वहिनी म्हणाली.

"तीन लिहा," नणंद म्हणाली. "तिसऱ्याच्या चुगल्याही आमच्या आईकडेच जाऊ देत."