रॅम्पवरच्या कुंड्या

सिल्वासामधल्या चित्रप्रदर्शनाच्या उद्घाटनाला रांगेत माझ्यापुढे व्हीलचेअरवर एक बाई होत्या. पायऱ्यांसमोरच संयोजकांनी त्यांना थांबवलं.

“मॅडम, तीन पायऱ्या आहेत. तुम्हाला जमणार नाही.”

“शेजारी रॅम्प आहे की.”

“त्यावर कुंड्या मांडल्यात.”

“कुंड्यांना कुठे जायचंय?”

“शोभेच्या आहेत, मॅडम. उद्घाटनाचे फोटो झाले की लगेच उचलतो. तोवर आतली चित्रं मोबाईलवर दाखवू?”

“माझ्या विद्यार्थिनीचं पहिलं चित्र लागलंय आत. ते मोबाईलवर बघायला मी टोकरखाड्याहून आले नाही.”

“बरं, जरा बाजूला तरी व्हा. पाहुण्यांची गाडी आली.”

“मी चाकांचे ब्रेक लावलेत.”

“मॅडम, मग पाहुणे आत कसे जाणार?”

“आत कशाला? त्यांनाही मोबाईलवर दाखवा.”