म्हशीला झालेला लाभ

भो, समाजोपयोगी संशोधन कसं करतात ते मला विचारा. आमच्या सरांना विद्यापीठाकडून त्यासाठी छोटंसं अनुदान मिळालं. सरांनी आधी स्वतःच्या फोटोचा मोठा बॅनर छापला. पहूरला जाऊन आम्ही तो पारावर लावला, त्याच्यापुढे फोटो काढले, चहा प्यायलो. झालं संशोधन.

पण अहवालाला गावकऱ्याचं पत्र हवं होतं. 'गावाला काय लाभ झाला?' ते नसेल तर अनुदान परत. सर मला घेऊन धावतपळत पहूरच्या एका शेतकऱ्याकडे, नानांकडे गेले. नाना पेन उघडून बसले.

"बोला सर, काय लाभ झाला?"

सर माझ्याकडे पाहू लागले. मी छताकडे.

"नाना, लिहा ना काहीतरी," सर म्हणाले.

"खोटं नाही लिहिणार मी."

मी हळूच म्हटलं, "नाना, तुमचा गोठा उघडाच आहे ना?"

नानांनी बॅनर काढून आणला, गोठ्यावर ताणला आणि शांतपणे लिहिलं, 'सरांच्या प्रकल्पामुळे माझ्या म्हशीला सावली मिळाली.'

सर रडवेले झाले, पण दुसरं पत्रच नव्हतं. तेच जोडलं.

परवा समितीचं उत्तर आलं, 'प्रकल्प उत्तम. पुढच्या वर्षी व्याप्ती वाढवा.'

सर सध्या पहुरात म्हशी मोजत फिरतायत.