पहिल्या पावलाची पक्कड

बल्गेरियातल्या प्लोवदिवच्या दवाखान्यातली लिफ्ट सकाळपासून बंद होती. गुडघा धरून बाकावर टेकलेल्या झ्लात्काच्या कानावर शेजारच्या दोन म्हाताऱ्यांचं बोलणं पडत होतं.

“काय रे स्पास, तुझी रालित्सा डॉक्टर होणार होती ना?”

“मी ठरवलेलं, दोब्री. पोरगी पहिल्यांदा चालली तेव्हा रीतीप्रमाणे गोल पाव घरंगळवला आणि टेबलावर नुसता स्टेथोस्कोप मांडला.”

“नुसता? अरे, कात्री, पेन, कंगवा?”

“सगळं कपाटात कोंबलं. पोर जे उचलेल तेच काम पुढं करणार ना; म्हटलं, उचलेल काय दुसरं!”

“मग?”

“टेबलाखाली माझीच पक्कड राहिली होती. कार्टीनं नेमकी तीच धरली. ती काढून घेतली आणि पोरीला पुन्हा चालायला लावलं. तीनदा! तीनदा पक्कडच.”

“तेव्हाच समजायला हवं होतं.”

“छे! पुढं वीस वर्षं मी काढूनच घेत होतो. मेडिकललासुद्धा घातली, दोन वर्षांत सोडून आली. वर्षभर बोललो नाही मी तिच्याशी.”

“आणि आता?”

“आता वरचे सगळे डॉक्टर तिच्या वाटेकडे डोळे लावून बसलेत.”

तेवढ्यात खडखडाट झाला आणि लिफ्टचं दार उघडलं. आत निळ्या डगल्यातली, तेलकट हातांची तरुणी उभी होती. तीन पांढरे कोट लगबगीनं पुढं सरसावले.

“डॉक्टर, जरा बाजूला व्हा. बाबा, या. पहिली फेरी तुमची.”