दाराजवळची खाट

लेकीला क्लासच्या होस्टेलात सोडून तारामती लातूरच्या स्टँडवर किल्लारीच्या गाडीची वाट बघत होती. मागच्या बाकड्यावर हणमंतराव आणि त्यांचे शिंपी दोस्त खाजाभाई बोलत बसले होते.

“मंग जपान कसं वाटलं, हणमंतराव?”

“लई देखणं. चैतात झाडाला पान न्हाई, नुसती फुलं. टोकियो, क्योटो, बर्फाचा डोंगर, समदं फिरवलं लेकीनं.”

“लातूरला शिकवल्याचं चीज झालं म्हणा.”

“हाव. पर रोज भांडायची. घर अकराव्या मजल्यावर, अन् मी अंथरूण टाकायचो दारातच.”

“अजून? भूकंपाला किती वर्षं झाली!”

“सवय हाय. एक दिवस तिथं जमीन हालली. शेजारचे जेवतच बसले. मी जिना उतरून खाली.”

“लेक हसली आसंल.”

“कुठली हसती? माझ्या आधी तीच खाली उभी होती. अनवाणी.”

“तिला आठवतो भूकंप?”

“खाजाभाई, भूकंपानंतर दोन वर्षांनी जन्मली ती.”

गाडी फलाटाला लागली. तारामती उठली नाही. तिनं फोन लावला.

“शिल्पे, खाट दाराजवळची घेतलीस न्हवं?”