सभेला उपस्थित

धाकटा : ...म्हणून म्हणतो ताई, उद्याच्या सभेला तू येऊच नकोस. उगाच त्रास.

ताई : सही नको, पैसे नकोत, नुसतं येऊ नको? एवढं सांगायला कामधंदा सोडून आलास?

धाकटा : फोनवर तू ऐकलं नसतंस.

ताई : समोर ऐकेन असं कुणी सांगितलं? बस. ते शिवायचे कपडे सरकव बाजूला. आता परत सांग. मला कळेल असं.

धाकटा : बाबांच्या शिड्यांच्या कंपनीचे शंभर शेअर. माझे पन्नास, मिस्त्रीकाकांचे एकोणपन्नास, तुझा एक. बाहेरचे लोक पैसे घालायला तयार आहेत. त्यांच्यासाठी नवे शेअर काढायचे. मग साठ टक्के कंपनी त्यांची. काका नाही म्हणतायत. आणि सभेला हजर असतील त्यांच्यात ज्याच्या बाजूला जास्त शेअर, त्याचं खरं. बाबांनीच नियम करून ठेवलाय.

ताई : म्हणजे मी घरी बसले तर पन्नासाला एकोणपन्नास.

धाकटा : हो.

ताई : आणि मिस्त्रींच्या बाजूला बसले तर पन्नासाला पन्नास.

धाकटा : मग ठराव पडतो.

ताई : बघ. दुसऱ्यांची मापं घेता घेता बाईला हिशेब येतोच.

धाकटा : चेष्टा नको गं.

ताई : बरं. हे साठ टक्केवाले काय करणार? शिड्याच ना?

धाकटा : ॲल्युमिनियमच्या. तयार भाग येणार, आपण जोडायचे. लाकडाचं काम बंद.

ताई : आणि आपली अकरा माणसं?

धाकटा : तिघांना ठेवतील.

ताई : त्या तिघांत मिस्त्री?

धाकटा : नाहीत. वय झालंय त्यांचं. ताई, तुला वाटतं मला हौस आहे? लाकडी शिडी कोण घेतं आता? वर्षभर बँकांचे उंबरे झिजवतोय. एकानं पाणीसुद्धा विचारलं नाही. हे असंच चाललं तर पुढच्या वर्षी अकराच्या अकरा घरी बसतील, बारावा मी. तीन तरी वाचू देत.

ताई : खरं असेल. तू खोटं कधी बोलत नाहीस. अर्धं सांगतोस. लहानपणापासून.

धाकटा : तुझा शेअर नावापुरता होता गं. कंपनी नोंदवायला दोन नावं हवी होती. तू समोर अभ्यास करत बसली होतीस. बाबा म्हणाले, कर सही.

ताई : केली. शाई वाळायच्या आत मला नव्या शिडीवर चढवलं. घरातलं कुणी चढल्याशिवाय शिडी गिऱ्हाइकाला द्यायची नाही म्हणून. तू खाली उभा राहून भोकाड पसरायचास.

धाकटा : मी शिडी धरायचो.

ताई : शिडी मिस्त्री धरायचे. तू मिस्त्रींचं धोतर धरायचास.

धाकटा : असेल.

ताई : बाबा गेले तेव्हा त्यांच्या नव्व्याण्णवातले पन्नास तुला, एकोणपन्नास मिस्त्रींना. मी विचारलं, माझं काय? तू काय म्हणालास?

धाकटा : मृत्युपत्र मी नव्हतं लिहिलं.

ताई : 'तुझं लग्न झालंय की.' असं म्हणालास. जाऊ दे. बगलेत काय आहे ते?

धाकटा : सभांचं रजिस्टर. ऑफिसात ठेवायचंय.

ताई : दाखव.

(ती चष्मा लावून पानं उलटते. बराच वेळ.)

ताई : 'उपस्थित : दोन.' 'उपस्थित : दोन.' मग बाबा गेले, 'उपस्थित : तीन.' आणि हे बघ, हे वर्ष. या तारखेला मी दवाखान्यात होते. माझी पोर जन्मली त्या दिवशी.

धाकटा : तसं लिहावं लागतं.

ताई : बावीस वर्षं सभेला येतेय रे मी. एकदा कुणी चहा तरी द्यायचा.

धाकटा : ताई...

ताई : घरी होते तेव्हा कागदावर हजर होते. आता खरोखर येऊ शकते, तर म्हणतोस घरी बस.

धाकटा : तू काकांच्याच बाजूनं मत देणार.

ताई : तुझं ऐकलं. त्यांचं ऐकायचं राहिलंय. तू त्यांना सांगितलंस? तीन माणसं राहणार, त्यांत तुम्ही नाही?

धाकटा : नाही.

ताई : मग उद्या माझ्यासमोर सांग. त्यांच्याकडे बघून सांग. त्यानंतर मी मत देईन.

धाकटा : तुझा गुडघा... ऑफिस पोटमाळ्यावर आहे ना. बाबांनी जिना केलाच नाही. अजून शिडीच आहे.

ताई : कसली? तुझी ती नवी?

धाकटा : लाकडी. काकांनी केलेली.

ताई : मग झालं तर. किती वाजता आहे सभा?

धाकटा : अकरा.

ताई : साडेदहाला येते. चढायला वेळ लागेल. मिस्त्रींना सांगून ठेव, खालून धरा म्हणावं.