सिमेंटात रोवलेला वाघ

गेल्या मंगळवारी सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी उधव्याच्या वाटेवरच्या नाक्यावर लाकडी वाघाचा खांब कोसळला. ज्याने तो कोरला, तो लहानूदादाच त्याखाली गेला.

मंडळी, कैनाडहून, रानशेतहून तुम्ही कामं टाकून या शोकसभेला आलात. मला बोलवत नाही, तरी बोलते. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, गेलेल्याबद्दल चांगलंच बोलावं. राहिलेल्यांबद्दल तसा नियम नव्हता.

आयुष्यभर मी शाळेत चित्रकला शिकवली. लाकूड मला लहानूदादाने शिकवलं. आपला वाघदेव शिवेवर असतो. मातीत रोवलेला, तोंड रानाकडे. राखण करणारा गावाकडे कशाला बघेल? रस्त्याच्या सुशोभीकरणासाठी सरकारी कार्यालयाने लहानूदादाकडून सागाचे दोन खांब कोरून घेतले आणि उभे केले सिमेंटच्या चौथऱ्यात. तोंड रस्त्याकडे. का? फोटो चांगला येतो!

मी तिथेच होते. लहानूदादा म्हणाला, "साहेब, मातीत पाणी मुरतं. तुमच्या सिमेंटात साचेल. खांबाचा पाय कुजेल."

साहेब हसले. "काका, ही काय तुमच्या झोपडीची मेढ आहे? आमचं काम पक्कं असतं."

"पक्कं तुमचं, कुजणार माझं." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, देवाला वाटीत उभा केला यांनी."

दोन पावसाळे गेले. वर शेंदूर, तेल, चकाकी. खाली बोट घातलं तर भुसा. तीनदा तो कार्यालयात सांगून आला. तीनदा ऐकलं, "बघतो."

मंगळवारी खांब कललेला दिसला. तो दोर आणि पाचर घेऊन निघाला. वहिनी इथे बसल्या आहेत. त्या म्हणाल्या होत्या, "पडू दे, सरकारचा आहे."

"कोरला मी ना?" तो म्हणाला, आणि गेला.

मंडळी, खांब दोन होते. दुसरा शाळेच्या फाटकाशी आहे. तेच सिमेंट, तोच पाऊस. काल मी ओळंबा धरून पाहिला. वीतभर कलला आहे, फाटकाच्या बाजूला. मुलं त्यालाच टेकून बसली होती. मी उठवली. उद्या कोण उठवणार?

आता उभे राहा. लहानूदादासाठी दोन मिनिटं शांत राहू.

आणि पुढच्या रांगेतले, हार घेऊन आलेले साहेब, शांतता संपली की तुमचं काम सुरू. सुट्टीनंतर शाळा सोमवारी सकाळी सातला भरते. तो खांब कोण उतरवणार आणि किती वाजता, हे रविवारी संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी हवं. सहीनिशी.