ओळखीची होडी

मुरूडच्या एसटी स्टँडवर, सोमवारचा उपास धरलेल्या सुमनकाकू माळ ओढत बसल्या होत्या. मागच्या बाकावर एक कोळीण लेकाशी बोलत होती.

"आये, माजी पयलीच होडी. नवी फायबरची घेऊ."

"नको."

"मग रेवदंड्याची ती वापरलेली?"

"बापाची हाय ना किनाऱ्यावर. तीच दुरुस्त कर."

"सुतार बोलला, तळ कुजलाय. भर दर्यात फुटंल."

"सुताराला काय, नवीचंच कौतिक!"

"आये, जीव जाईल माजा."

"तुजा बाप दुसऱ्याच्या होडीवर गेला. तीन वर्सं झाली. परत आला, तर लांबून आपली होडी कशी वळखंल रे?"

काकूंची माळ थांबली.

"बरं, आये. तीच करू."

"रंग पन हिरवाच दे."

"देतो, आये."